सहा बिल्डरांची सहा घड्याळं

अर्जदाराचे नाव

रसिका विनीत पाष्टे. गृहकर्जाच्या अर्जावर लिहिताना तिने पेन इतकं दाबलं, की नाव खालच्या दोन पानांवरही उमटलं. विनीतचं नाव खाली, ‘सहअर्जदार’ म्हणून.

“बाईच्या नावावर घर घेतलं की स्टँप ड्युटी एक टक्का कमी लागते,” विनीत म्हणाला.

“प्रेमापोटी घेतोयस असं म्हण ना रे जरा.”

“प्रेम आहेच गं. वर एक टक्का.”

सध्याचा पत्ता आणि राहण्याचा कालावधी

दिवा पूर्व, भाड्याची खोली, चार वर्षं. रकाना एवढ्यावरच भरला. भिंतीच्या ओलीला त्यात जागा नव्हती. ही ओल पलंगामागून निघून छतापर्यंत चढली होती आणि घरमालक चार वर्षं “पावसाळा संपू दे” म्हणत होता. चारही पावसाळे संपले होते.

बचत

विनीतने लिहिलं, ‘प्रयत्न चालू आहेत’. रसिकाने ते खोडून शून्य काढलं. शून्य चांगलं गोल आलं.

आधीची कर्जे, असल्यास

“असल्यास!” विनीत पोट धरून हसायला लागला. लग्नाचं कर्ज, बाईक, फ्रिज आणि रसिकाच्या पाटल्या ठेवून काढलेलं सोनेतारण. छापील ओळी तीनच होत्या. फ्रिज समासात गेला.

“अरे, एवढी कर्जं बघून बँक आपल्याला उभं तरी करेल का?”

“उलट आहे! ज्याने कधी कर्ज घेतलं नाही त्याला बँक ओळखत नाही. आपल्याला चार-चार ठिकाणी ओळखतात. एक हप्ता चुकवलाय आपण? एक?”

नव्हता चुकवला. तेवढी एकच गोष्ट त्यांच्या मालकीची होती.

मालमत्तेची माहिती कशी मिळाली?

इथे खरं लिहायचं तर पुरवणी जोडावी लागली असती.

घर घ्यायचं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांना रविवार घालवायचा होता. हॉटेल परवडत नव्हतं, सिनेमा परवडत नव्हता, पण बिल्डरची साइट व्हिजिट फुकट होती. एक फोन केला की स्टेशनबाहेर एसी गाडी उभी. साइटवर ‘या सर, या मॅडम’, कोल्ड्रिंक, समोसे, सॅम्पल फ्लॅटच्या सोफ्यावर अर्धा तास टेकणं, आणि निघताना बिल्डरचं नाव छापलेलं भिंतीवरचं घड्याळ. दोन वर्षांत सहा साइट झाल्या. शिळफाट्याचे समोसे सगळ्यांत भारी, बदलापूरला चटणी नव्हती. सहा घड्याळं जमली, ती विनीतने ओलीवर टांगली. सहांना सेल कुठून आणणार? म्हणून सगळी बंद, ज्याची त्याची वेळ वेगळी.

सातवी साइट टिटवाळ्याची. चौथ्या मजल्यावरचा वन बीएचके. रसिका स्वयंपाकघरात उभी राहिली आणि सहज म्हणाली, “फ्रिज इथे.”

“इथे कसा? दार उघडणार नाही पूर्ण. तिथे.”

“तिथे ठेवला तर मी पोळ्या लाटू कुठे? तुझ्या डोक्यावर?”

“तुला ना, कधी माझं ऐकायचंच नसतं!”

वीस मिनिटं भांडले. खरोखरचं भांडण, सासूबाईंपर्यंत गेलेलं. समोसे गार झाले. आधीच्या सहा घरांत ते कधीच भांडले नव्हते. तिथे सगळंच ‘मस्त’ होतं. विक्रीवाली संचिता दारात उभी राहून ऐकत होती. अनुभवी मुलगी. तिने बुकिंगचा फॉर्म आणून हळूच ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, “फ्रिज दोन्हीकडे बसतो, मॅडम. प्लगचे पॉइंट दोन आहेत.”

मग रसिकाला हसू आलं, आणि ते थांबेचना.

स्वतःची रक्कम कोठून आणणार?

विनीतचा पीएफ. पण बुकिंगचं टोकन लगेच हवं होतं, एक्कावन्न हजार. ते आले शेजारच्या गोदूबाईंच्या भिशीतून. बारा बायकांची भिशी. चिठ्ठीत रसिकाचा नंबर अकरावा आला होता, गोदूबाईंनी तो पहिला केला. “घेऊन जा गो,” त्या म्हणाल्या. “पन घर झायला पायजे हां. नायतर अकराजनी तुझ्या दारात येऊन बसू, चाय पन तूच पाजशील.”

टोकन परत मिळणार नव्हतं. महिन्याच्या आत कर्ज मंजूर झालं नाही, तर बारा जणींचे एक्कावन्न हजार गेले. त्यांतल्या सहा जणी रोज सकाळी नळावर रसिकाच्या पुढे-मागेच उभ्या असायच्या.

प्रत्यक्ष भेट देऊन पडताळणी

बँकेकडून महिपतराव आले. पन्नाशीचा माणूस, हातात हेल्मेट, गळ्यात ओळखपत्र. विनीत कामावर होता. महिपतरावांनी लाईट बिल पाहिलं, भाडेकरार पाहिला, पाणी प्यायले, आणि मान वर करून भिंतीकडे बघतच राहिले.

“मॅडम, हे सहा बिल्डर.”

“हो.”

“सहा ठिकाणी बुकिंग केलंय? अर्जात तर एकच दाखवलंय. असं लपवलं की फाईल तिथेच बंद होते.”

“नाही हो! बुकिंग एकच आहे, घड्याळं आपली अशीच…”

तेवढ्यात मदतीला गोदूबाई आत आल्या. “साहेब, लय चांगली मानसं! दर आयतवारी घरंच बघतात. शिळफाटा म्हनू नका, बदलापूर म्हनू नका, एक जागा सोडली नाय यांनी!”

महिपतरावांनी पेनाचं टोपण काढलं.

रसिकाच्या डोळ्यांसमोर अकरा बायका आणि चहाचे अकरा कप उभे राहिले. काय सांगायचं? समोशांसाठी गेलेलो, असं बँकेला सांगायचं? ती पलंगावर चढली. पहिलं घड्याळ काढलं. खाली काळपट ओल. दुसरं काढलं, पोपडे. तिसरं काढताना चुन्याचा तुकडा महिपतरावांच्या हेल्मेटमध्ये पडला. सहावं काढून झालं आणि अख्खी भिंत उघडी पडली.

“हे झाकायला लावलीत,” ती पलंगावरूनच म्हणाली. “आणि आम्ही फुकटच्या गाडीसाठी जायचो. समोसे मिळतात. एसीत बसायला मिळतं. सातव्या ठिकाणी फ्रिजवरून भांडण झालं, म्हणून घेतलं. आता लिहा काय लिहायचं ते.”

महिपतराव बराच वेळ लिहीत होते.

“काय लिहिलंत?”

“ते दाखवता येत नाही.” ते उठले, हेल्मेटमधला चुना झटकला. दारापाशी थबकले. “हे शिळफाट्याचं घड्याळ… माझ्याकडे तेवढं एकच नाहीये.”

“घ्या ना!”

“नको, नको. लाच होईल ती.” आणि पायऱ्या उतरून गेले.

मंजुरी

नवव्या दिवशी रसिका डोंबिवलीच्या दवाखान्यात काउंटरवर बसून पेशंटना नावाने बोलावत होती. फोनवर मेसेज आला. पुढचं नाव घ्यायचं होतं, तोंडातून निघालं, “मंजूर!” एक आजोबा काठी टेकत उठून आत निघालेसुद्धा.

केवळ कार्यालयीन उपयोगासाठी. येथे काही लिहू नये.

रविवारी दोघं टिटवाळा स्टेशनबाहेर आले. कंपनीची पांढरी गाडी उभी होती, ड्रायव्हरही तोच. विनीतने सवयीने दार उघडलं.

“नाव, सर?”

“पाष्टे. चौथा मजला.”

ड्रायव्हरने यादीवरून बोट फिरवलं. “तुमचं बुकिंग झालंय ना? मग गाडी नाही, सर. गाडी फक्त बघायला येणाऱ्यांसाठी असते.”

“म्हणजे समोसेपण नाहीत?”

“नाहीत.”

विनीतचं तोंड उतरलं. रसिकाला मात्र आजवर इतक्या मानाने कुणी नाही म्हटलं नव्हतं. रांगेत तिच्या मागे एक जोडपं उभं होतं, बायकोच्या हातात कुठल्याशा बिल्डरच्या घड्याळाची पिशवी.

“या, तुम्ही बसा,” रसिका त्यांच्यासाठी दार धरून म्हणाली. “आमचं बुकिंग झालंय.”

गाडी गेली. तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून चार समोसे घेतले, स्वतःच्या पैशाने, आणि शेअर रिक्षात बसल्या बसल्या म्हणाली, “फ्रिज इथेच राहणार हां.”

“तिथे!” विनीत म्हणाला.

रिक्षावाल्याने आरशात पाहिलं. साइट येईपर्यंत त्यालाही पाठ झालं होतं, ओटा कुठे आहे ते.