निम्म्या घरांची ताई

"गोठा झाडतेस की माझ्या घरात कान लावून बसतेस?" धाकटी जाऊ भिंतीवरून कडाडली.

"माझा गोठा, माझं शेण. वाटेल तितका वेळ झाडीन," थोरलीनं खराटा आपटला. पण धाकटीचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून तर ते जास्त झोंबलं.

शहरातून एक साहेब अभ्यास करायला आले होते. रागानं बेभान होणाऱ्या पोरांना कसं सांभाळायचं हे घरच्यांना शिकवलं, तर फरक पडतो का, ते त्यांना पाहायचं होतं. शाळेत चिठ्ठ्या टाकल्या. निम्म्या घरांना दर आठवड्याला शिकवणारी ताई, उरलेल्यांना नुसते प्रश्न. त्यांची पाळी पुढच्या वर्षी. चिठ्ठीनंही काय दावा साधला! ताई मिळाली धाकटीला, जिची पोरगी फार तर ताट भिरकावायची. थोरलीचा पोरगा चावायचा, भिंतीवर डोकं आपटायचा, आणि मग बाप त्याला बैलाच्या दाव्यानं खांबाला बांधायचा. पोराच्या मनगटावरचे वळ पाहून तिला घास जात नसे. पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं कसं? म्हणून ताई आली की थोरलीला नेमका गोठा घाण दिसायचा.

"ओरडू नका. जवळ बसा, पण धरू नका," ताई पलीकडे सांगायची. "राग आलाय तुला, एवढंच म्हणा. मग गप्प राहा."

एकदा मक्याच्या रानात पोरगा बिथरला. कणसं मोडली, ढेकळं फेकली. नवरा दावं घेऊन धावला, तशी थोरली आडवी आली.

"सरक! डोकं फिरलंय का तुझं?"

"आधी मला बांधा, मग त्याला."

ती तिथंच मातीत बसली. "राग आलाय तुला," पोराला म्हणाली. एक ढेकूळ खांद्यावर बसलं, तरी गप्प. शेवटी पोरगा दमला आणि हुंदके देत तिच्या मांडीवर येऊन पडला. नवरा शिव्या घालत परत गेला, पण दावं त्याच्या हातातच राहिलं.

साहेब प्रश्न विचारायला आले, तोवर धाकटीनं त्यांचे कान भरले होते.

"पोरगा चावायचा थांबला म्हणता. कसा काय?"

"भिंतीपलीकडचं ऐकून शिकले."

साहेबांचा पारा चढला. "अहो बाई, सगळा अभ्यास नासवलात! आता तुलना कशाशी करू?"

"मग तुमच्या तुलनेसाठी पोराला बांधून ठेवू?"

"तुमचं घर बाद. पुढच्या वर्षीची पाळीही गेली!"

धाकटी दारात उभी राहून गालातल्या गालात हसली. थोरलीला संतापानं रडू फुटलं. पोरगा अजून डोकं आपटत होता, आणि त्यावर काय करायचं ते ताईनं अजून सांगितलं नव्हतं.

पुढच्या खेपेला ताई आली तेव्हा पोरगा अंगणातच होता, कपाळावर हे एवढं टेंगूळ घेऊन. ताई क्षणभर थांबली. धाकटीनं तिला घाईघाईनं लांबच्या खोलीत नेलं आणि खिडकी लावून घेतली. थोरली गोठ्यात खराटा धरून उभी राहिली. काही म्हणता काही ऐकू येईना.

आणि एकदम ताईचा आवाज आला, बाजारात भाजी विकावी तसा. "पोर डोकं आपटायला लागलं तर काय करायचं, ते आज बघू!"

"माझी पोरगी कुठं डोकं आपटते?" धाकटी वैतागली. "आणि हळू बोला की. मी काय बहिरी आहे?"

"तुम्ही नाही हो," ताई म्हणाली, आणि तिनं आवाज आणखी चढवला. "तर आधी डोक्याच्या आणि भिंतीच्या मध्ये उशी धरायची!"