नॉट एफिशियंट

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कारखान्यात सुपरवायझरच्या इंग्रजीचा भलताच दरारा होता. त्यामुळे कामगारांचे वार्षिक शेरे लिहिताना त्यानं ना कुणाला विचारलं, ना डिक्शनरी उघडली.

फिटरकाकांच्या फॉर्मवर त्यानं झोकात लिहिलं, 'नॉट एफिशियंट'. बाकीचे फिटर दिवसाला पाच पाय बसवायचे, काका दोनच. पेशंटला चालवून बघायचे, जिना चढायला लावायचे, मांडी जिथे बसते ती वाटी पुन्हा पुन्हा घासायचे. काका जरा चेंगट आहेत, एवढंच त्याला म्हणायचं होतं. खाली 'इफेक्टिव्ह' समोरचा रकाना त्यानं मोकळाच सोडला. एकच गोष्ट दोनदा कशाला लिहायची?

आठवड्याभरात वरून कागद आला. काकांची बदली गोदामात.

"साहेब, काय लिहिलं होतंत माझ्याबद्दल?" काकांनी विचारलं.

"चांगलंच लिहिलं होतं की! वरच्यांचंच डोकं फिरलंय."

"तेच म्हटलं. तुम्ही माझं वाईट करणार नाही." काकांनी आपली कानस पुसून शेजारच्या फिटरच्या हातात दिली आणि ते गेले.

महिन्याभरात पाय परत येऊ लागले. एका शाळेच्या बाई तर कुबड्यांवर आल्या. नव्या पायानं मांडीला फोड आले होते.

"ते सावकाश काम करणारे काका कुठे आहेत?" त्या म्हणाल्या. "त्यांनी बसवलेल्या पायावर मी सात वर्षं वर्गात उभी राहिले."

सुपरवायझरनं काकांच्या फॉर्मची प्रत काढून पुन्हा वाचली. घरी जेवताना त्यानं लेकीला 'एफिशियंट' आणि 'इफेक्टिव्ह'मधला फरक सहज विचारल्यासारखा विचारला. ती कॉलेजात इंग्रजी शिकवायची.

"बाबा, कमी वेळात, कमी सामानात काम उरकतो तो एफिशियंट. ज्यासाठी काम हाती घेतलं ते साधून दाखवतो तो इफेक्टिव्ह. दिवसाला पाच पाय बसवले आणि पेशंट चालेचना, तर काय उपयोग?"

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. "कुणी चुकलं का?" तिनं विचारलं. "एक जण," तो म्हणाला, आणि 'मी' न म्हणता आपण परत खोटं बोललो हे त्याला ताटावरच कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं वर पत्र दिलं. चूक माझी, मला शब्दांमधला फरक ठाऊक नव्हता, असं स्वच्छ लिहिलं. मग गोदामात जाऊन काकांना सगळं सांगितलं.

काका खोकी रचत होते. त्यांनी हातातलं खोकं आधी जागेवर ठेवलं.

"शब्द चुकला, ते ठीक आहे," मग ते म्हणाले. "शिकलेला माणूसही चुकतो. पण मी तोंडावर विचारलं, तेव्हा खोटं का बोललात?"



पंधरा दिवसांनी काका आपल्या जागेवर परतले. सगळ्यात आधी त्यांनी त्या बाईंची वाटी घासायला घेतली. ते सुपरवायझरशी नीट बोलतात, चहाला बोलावतात. तो मात्र त्यांच्यासमोरून जाताना अजूनही हातातल्या कागदांत डोकं खुपसतो.