सात नंबरचं ताट

माझी सून मैथिली दुबईत, अल कुसैस भागातल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. मागच्या महिन्यात माझं पित्ताशय काढलं, तेव्हा तिच्याच वॉर्डात होते मी. बेड नंबर सात.

भिंतीवर नियमाचा कागद होता, एका नर्सकडे पाच पेशंट. मैथिलीकडे नऊ. माझी शाळा चौथीत सुटली, पण पाच आणि नऊ कळतात मला. पंगतीत मीसुद्धा पाच पानांमागे एक वाढपी उभा करते, नाहीतर एकाला दोनदा भात आणि दुसऱ्याला वरणच नाही. इथं तर वरणाच्या जागी इन्सुलिन! आठ नंबरच्या आजोबांची सुई ती माझ्या दंडात घुसवणारच होती. मी ओरडले, "अगं बाई, मला कुठाय साखर!" पोरगी पांढरीफटक पडली. चूक झाली असती तर लायसन्स तिचं गेलं असतं, त्या वॉर्डच्या इन्चार्ज राजनचं नाही.

"वरती सांग की."

"आई, प्लीज. तोंड उघडलं की कॉन्ट्रॅक्ट खलास."

दुसऱ्या दिवशी नियम तपासायला एक बाई येणार होती. सकाळीच राजन हात जोडून हजर. "आंटीजी, आप तो घर की हो. साडी पहनके नीचे लॉबी में बैठो. कोई पूछे तो बोलना, मिलने आयी हूँ."

असे नवातले आम्ही चार पेशंट पाहुणे झालो, वर उरले नियमाचे पाच. माझ्या मनगटावरचा हॉस्पिटलचा नंबरपट्टा बांगड्यांखाली ढकलला. प्लास्टरवाल्याच्या पायावर फुलांचा गुच्छ ठेवला. राजनने सगळं लपवलं, फक्त आमची पोटं विसरला.

मी नव्हते विसरले. जेवण आणणाऱ्या हमदुल्लाला सांगून ठेवलं, "हमारी चार थाली आज नीचे."

बाराला ती तपासणारी बाई राजनबरोबर लॉबीत आली. "माँजी, किससे मिलने?"

"बहू से," राजन घाईघाईने म्हणाला. खोटं नव्हतं, मी मान हलवली.

तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि हमदुल्ला ट्रॉली ढकलत ओरडला, "बेड नंबर सात, खिचडी! आठ नंबर, शुगर फ्री!"

आजोबांनी हात वर केला. प्लास्टरवाल्याने गुच्छ बाजूला ठेवून ताट मांडीवर घेतलं. बाई बघतच राहिली.

"मेहमानों के भी बेड नंबर?"

मी बांगड्या कोपरापर्यंत सारून पट्टा दाखवला. "मेहमान ही हूँ. बस, पेट में टाँके हैं."

राजनचं तोंड असं झालं, जणू त्याचंच पित्ताशय काढलंय.

दोन दिवस मैथिली माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी फिरदोस नावाची दुसरी नर्स आली, आणि नऊचे पाच आणि चार झाले. दुपारी मैथिली माझ्या बेडवर चक्क बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"आई, मला विचारलंत तरी का?"

"तुझ्या सुईने मला विचारलं होतं?"

तिला हसू फुटलं. माझा चमचा घेऊन अर्धी खिचडी तिनेच संपवली.

"आणि राजनने मला जाब विचारला तर?"

"सांग, सासू ऐकत नाही. अख्ख्या दुबईला पटेल."