डाव्या नळीतला भार

शरदातल्या एका निरभ्र रविवारी, ऊन अजून अंगावर यायचे होते अशा वेळी, शहराबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत, नेमबाज मंडळाच्या मैदानावर, ठासणीच्या एका नव्या दुनळी बंदुकीची चाचणी पंचांच्या समक्ष सुरू झाली. बंदूक अठ्ठावीस बोअरची होती; हा आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. बारा बोअरहून बारीक बंदूक मंडळात आजवर कुणी आणलीच नव्हती. इतक्या अरुंद नळीत छर्रे मावणार ते किती आणि यंत्राने उडवलेली मातीची थाळी फुटणार ती कशी, असा तिथल्या जाणत्यांचा ठाम समज होता. तो समज मुळापासून उखडायचा, या एका हट्टापायी ती घडवणाऱ्या मिस्त्रींनी आपले डोळे झिजवले होते. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला होता, आणि अशी आणखी एक जोडनळी आपल्या हातून होईल की नाही, याची त्यांना स्वतःलाच शंका होती.

चाचणीचा एक नियम कडक होता. बंदूक नेमबाजाच्या हाती दिली की घडवणाऱ्याने मागच्या दोरीपलीकडे जाऊन उभे राहायचे. चाचणी संपेपर्यंत त्याने बोलायचे नाही, खुणावायचे नाही. नेमबाजाला शंका आली तर त्याने हात वर करून थांबावे, त्याला मुभा आहे. पण घडवणारा मध्ये पडला तर बंदूक तिथल्या तिथे नापास, आणि वर्षभर तिचे नाव काढायचे नाही. जी बंदूक बापाचे बोट धरल्याशिवाय चालत नाही ती परक्याच्या हाती देण्याच्या लायकीची नव्हे, असा त्यामागचा युक्तिवाद. मंडळाच्या सभेत टेबलावर बोट आपटून हा युक्तिवाद मांडणारे आणि विरोधकांना घामाघूम करून तो मंजूर करून घेणारे गृहस्थ म्हणजे खुद्द मिस्त्रीच होते.

नेमबाज म्हणून त्यांचा जावई उभा होता. तो दवाखान्यात एक्स-रे काढण्याचे काम करी. या बारीक नळ्यांना गाल लावायला मंडळातला दुसरा कुणी तयार झाला नव्हता, आणि जावयाला नाही म्हणता आले नव्हते. लग्न झाल्यापासून दर रविवारी तो सासऱ्यांच्या कारखान्यात येऊन ठासणीचे काम शिकत होता, आणि दर रविवारी सासरे त्याची एक तरी चूक शोधून काढत होते. स्क्रू पिळण्याची त्याची रीतसुद्धा त्यांच्या मते सदोष होती.

"बाबा, आज एक शब्दही बोलायचा नाही," दोरीपाशी उभी असलेली मुलगी हलक्या आवाजात म्हणाली.

"मी कुठं काय बोललो?"

"तोंड गप्प आहे. भुवया बोलताहेत."

मिस्त्रींनी भुवया खाली घेतल्या. घरीही मुलीपुढे त्यांचे चालत नसे. बाहेर तर प्रश्नच नव्हता.

चाचणीचे बहुतेक टप्पे एव्हाना पार पडले होते. थाळ्या जोडीजोडीने उडत होत्या आणि जावई त्या फोडत होता. दर जोडीनंतर तोच सोपस्कार: नळीत मापाने काळी दारू, वर जाड पुठ्ठ्याची चकती, मग नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, गुट्टी, मग छर्रे, ते सांडू नयेत म्हणून पातळ चकती, आणि हा सगळा भार लाकडी गजाने घट्ट ठासून झाल्यावर सर्वांत शेवटी मागच्या बोंडावर, घोडा आपटताच ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी. पांढऱ्या धुराचा लोट सरकेपर्यंत थाळी फुटली की नाही हे कळत नसे, आणि तेवढा वेळ मिस्त्री श्वास रोखून धरत. धूर सरे, खाणीच्या उतारावर ठिकऱ्या दिसत, आणि मंडळाचे चिटणीस, ज्यांना आवाजामुळे सगळे पाठीमागे आणि क्वचित तोंडावरही भोंगा म्हणत, काहीतरी शेरा मारत.

"मिस्त्री, बंदूक म्हणून बासरी आणलीत, पण वाजते बरं का."

उत्तर मिस्त्रींच्या जिभेवर तयार होते, धारदार होते, आणि ते त्यांना गिळावे लागले.

शेवटची जोडी उडाली. जावयाने उजवी नळी झाडली आणि पहिली थाळी फुटली. दुसरी मात्र यंत्रातूनच दुभंगून निघाली. तिचे दोन तुकडे वाकडेतिकडे जाऊन गवतात पडले. जावयाने डावा चाप ओढला नाही.

"फुटकी थाळी," पंचबाई म्हणाल्या. त्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, मोजके बोलणाऱ्या बाई होत्या. "जोडी पुन्हा होईल. उजवी भरून घ्या." एवढे बोलून त्या यंत्र चालवणाऱ्याला बोल लावायला तिकडे वळल्या.

आता उजवी नळी रिकामी होती आणि डावी भरलेली. ठासणीच्या दुनळी बंदुकीत सर्वांत मोठा धोका नेमका इथेच असतो. दोन्ही नळ्या रिकाम्या असोत वा भरलेल्या, वरून सारख्याच काळ्या दिसतात. आणि दोन्ही भरायची सवय लागलेला हात डाव्या नळीतही पुन्हा दारू ओतून मोकळा होतो, आणि दुप्पट भाराने नळी फुटू शकते. म्हणून मिस्त्रींच्या कारखान्यात दंडक होता, की भरलेल्या नळीत गज उभा करून ठेवल्याखेरीज दुसरीत दारूचा कण टाकायचा नाही.

जावयाने डाव्या बोंडावरची टोपी काढली. हे बरोबर झाले. गज उचलायला त्याने हात मागे नेला, आणि तिथे गज नव्हता. तो भोंग्याच्या हातात होता.

"सुबक केलाय हो," भोंगा गज बोटांवर फिरवत म्हणाला. "सासऱ्यांनी हुंड्याच्या बदल्यात दिला का?"

"द्या इकडे."

"देतो की. दारू तर ओता. का त्यालाही परवानगी लागते?"

भोंगा बोलत बोलत मध्ये येऊन उभा राहिला. त्याच्या रुंद पाठीआड बंदुकीची तोंडे दिसेनाशी झाली. मिस्त्रींना दिसला तो फक्त जावयाचा कोपर, दारूचे माप कलते करताना उचललेला. मग तो पुन्हा उचलला गेला. की खांदा सावरला? बऱ्या डोळ्यावर ऊन येत होते आणि दुसरा डोळा कामाचा नव्हता. भोंगा हसत बाजूला झाला तेव्हा गज जावयाच्या हातात होता. उजवी ठासून झाली होती, आणि तो आता डावी ठासत होता.

मिस्त्री दोरीला चिकटून पुढे झुकले.

डावी ठासणे हे दोन प्रकारचे असू शकत होते. उजवीच्या धक्क्याने डावीतला भार पुढे सरकतो, दारू आणि छर्रे यांच्यात पोकळी राहते, आणि ती पोकळी नळी फाडते. म्हणून शहाणा माणूस न झाडलेली नळीही पुन्हा एकदा ठासून घेतो. हे त्यांनीच जावयाला शिकवले होते. पण भारावर दुसरा भार ओतला असेल, तर त्यालाही ठासावेच लागते. पाठीमागून पाहणाऱ्याला दोन्ही क्रिया सारख्याच. फरक एकच, गज किती वर उभा राहतो. आणि तो जावयाच्या छातीआड होता.

त्यांनी स्वतःशी वाद घातला. नळी घडवल्यावर ती ओंडक्याला बांधून, लांबून दोरीने चाप ओढून, दुप्पट दारूवर पारखली होती. ती टिकली होती. पण तेव्हा छर्रे दुप्पट नव्हते, आणि नळीखाली कुणाचा हात नव्हता. जावई निष्काळजी नाही. पण तो भोंग्याशी बोलत होता. कोपर दोनदा उचलला गेला. की एकदाच? आपण गप्प राहिलो आणि शंका खोटी ठरली, तर बंदूक पास होते. आपण बोललो, तर ती खरी असो वा खोटी, बंदूक गेली.

"चिऊ," ते ओठ न हलवता म्हणाले, "त्यांनी डावीत दारू ओतली का? तू पाहिलंस?"

"बाबा, गप्प."

"ओतली का ते सांग."

"भोंग्याची पाठ पाहिली मी. दुसरं काय दिसणार?" मग तिने वडिलांकडे नीट पाहिले, आणि तिचा चेहरा उतरला. "का? काय झालंय?"

जावयाने गज बाजूला ठेवला आणि खिशातून टोप्या काढल्या. उजवी बसवली. डावी टोपी चिमटीत धरून तो बोंडाकडे वाकला. त्याचा डावा हात नळ्यांखाली, त्या भाराच्या बरोबर खाली होता.

"थांबा, जावईबापू."

आवाज मोठा नव्हता, पण खाणीच्या भिंतींनी तो फिरवून परत आणला. जावयाची चिमूट हवेतच राहिली. पंचबाई यंत्रापासून वळल्या.

"कोण बोललं?"

मिस्त्री दोरीखालून वाकून पुढे आले. "डाव्या नळीत दोन भार असावेत अशी मला शंका आहे. टोपी बसवू नका. आधी गज टाकून पाहा."

जावयाने आधी उजव्या बोंडावरची टोपी काढली, मग बंदूक उभी धरली. पंचबाईंनी स्वतः गज घेतला. गजावर मिस्त्रींनी एक बारीक खाच कोरली होती. नळीत एकच भार असला की ती नळीच्या तोंडाशी येई, दोन असले की गज बोटभर वर राही. गज डाव्या नळीत सरकत गेला आणि भारावर टेकला. पंचबाईंनी वाकून पाहिले, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"खाच तोंडाशी आहे. एकच भार."

"सरकला होता," जावई म्हणाला. आवाज दाबलेला होता, पण राग लपत नव्हता. "म्हणून पुन्हा ठासला. गज यांच्या हातात होता, तर दारू ओतताना डाव्या तोंडावर अंगठा दाबून धरला. हे घ्या." त्याने अंगठा पुढे केला, त्यावर नळीच्या तोंडाचा गोल काळा शिक्का उमटलेला होता. "मामा, आणखी काय करायला हवं होतं मी?"

मिस्त्रींनी बरा डोळा त्या शिक्क्याजवळ नेला.

"नियम तुम्हाला ठाऊक आहे," पंचबाई त्यांना म्हणाल्या.

"एक मिनिट," जावई म्हणाला. त्याने सासऱ्यांकडे पाहिले नाही. "हात मी आधी वर केला होता. मलाच शंका आली होती. मामा नंतर बोलले."

पंचबाईंची त्या वेळी पाठ होती. भोंगा आपल्या बुटांकडे पाहू लागला आणि, तो कधी करीत नसे ते, त्याने आवाज बारीक केला. "असेल. मी काही नीट पाहिलं नाही." मुलीने वडिलांची बाही धरली.

सगळे हो म्हणायला तयार होते. एवढी वर्षे चुका काढून घेतलेला माणूस त्यांच्यासाठी खोटे बोलत होता, आणि तेही वाईट रीतीने, कारण त्याचे कान लाल झाले होते.

"नाही," मिस्त्री म्हणाले. "त्यांनी हात वर केला नव्हता. त्यांना शंका नव्हतीच, आणि ती नसणं बरोबर होतं. शंका माझी होती."

"बाबा," मुलगी म्हणाली.

"मामा, एकदा तरी दुसऱ्याचं चालू द्या," जावई हळूच म्हणाला.

"तुमचं काम चोख होतं. चूक माझी. पण तसंच पुन्हा दिसलं तर मी पुन्हा बोलेन, हेही सांगून ठेवतो."

"ते माहीत आहे," जावई म्हणाला, आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले. त्याला हसू म्हणायचे की नाही, हे ठरवणे कठीण होते.

पंचबाईंनी गज परत केला. "भरलेली बंदूक इथून घरी जाणार नाही. झाडून रिकामी करा. थाळ्या सोडते."

जावयाने दोन्ही टोप्या बसवल्या आणि बंदूक खांद्याला लावली. यंत्र खडखडले. दोन थाळ्या आभाळात चढल्या. आधी उजवी, मग डावी. दोन आवाज, आणि मग धूर. वारा पडला होता, त्यामुळे तो हलेना. सगळे माना उंचावून त्याच्याकडे पाहत राहिले. मिस्त्रींनी श्वास रोखला नव्हता. ते जावयाच्या डाव्या हाताकडे पाहत होते.

धूर विरळ झाला. उतारावर ताज्या ठिकऱ्या पसरल्या होत्या. पंचबाई तिथवर चालत गेल्या, पायाने तुकडे उलटसुलट करून पाहिले आणि परत आल्या.

"दोन्ही फुटल्या," त्या म्हणाल्या. "बंदूक उत्तम आहे. नापास."