हात चालताहेत तोवर

पेनाभोवती लोकरीच्या नमद्याचा जाड तुकडा गुंडाळलेला — भावजयीनंच, जिपारनं, मागच्या हिवाळ्यात, बुरुलची बोटं मिटेनाशी झाल्यावर — तरी ते निसटतच होतं. सकाळी चहाची वाटीही न धरणारी ही बोटं दुपारी चुलीपाशी शेकली की चार ओळींपुरती वळत. चार ओळी म्हणजे कुणाची तरी गेलेली आई. गावात कुणी गेलं की अंगणात तंबू उभा राही, घरच्या बायका आत भिंतीकडे तोंड करून विलाप गात, आणि तो बहुतेक वेळा बुरुलनं लिहिलेला असे. संधिवात जडला म्हणून नवऱ्यानं भावाच्या दारात आणून सोडलेली बाई... तिचं दार निदान एवढ्यासाठी तरी कुणी वाजवी.

आज शेजारच्या म्हातारीचा विलाप झाला लिहून. जिपारनं तो गुणगुणून पाहिला — आवाज मात्र मेला गोड — डोळे पुसले, आणि पीठ मळता मळता म्हणाली,

"वन्सं, तुमचाही एक लिहून ठेवा की."

"मला काय झालंय?"

"घाई नाही हो मरायची. पण हात चालताहेत तोवर. नंतर आम्ही काय गायचं? लोक तोंडात शेण घालतील."

बुरुलला राग आला. जिपार काही खोटं बोलली नव्हती, म्हणून जास्तच. आधी हात जाणार, मग कधीतरी मी... आणि मधल्या वर्षांत माझं दार कोण वाजवणार? ते काही जिपारनं विचारलं नाही.

तरी स्वतःच्या विलापाची पहिली ओळ सवयीनंच उतरली: सोशिक होती. गावातली प्रत्येक मेलेली बाई तिच्या हातून सोशिक झाली होती. पण मी? मी वाट्या फेकल्या, पोरांच्या धावत्या पायांना शिव्या दिल्या, पीठ मळणाऱ्या जिपारच्या मनगटांवर जळले... तिनं ओळ खोडली. लिहिलं: सोशिक नव्हती, नाइलाज होता. हे जिपारला साऱ्या गावासमोर, त्या गोड आवाजात गावं लागेल — या विचारानं तिला दुष्ट आनंद झाला.

पुढची ओळ येईना. बोटं आखडली.

"झालं का?" जिपारनं विचारलं.

"नाही. खोटं लिहायचं नाही म्हटलं की वेळ लागतो."

बरं व्हावं असं तिला आज वाटलंच नाही. बोटं उरावीत, एवढंच वाटलं. ती उरणार नाहीत हे ठाऊक होतं, आणि तरी ती पुढची ओळ शोधत बसली — संतापलेली, आणि कित्येक महिन्यांनी पुरती जागी.