फ्रिजवरची बाई

आमच्या शेजारच्या वेलांटीरावांचं खरं नाव आता त्यांनाही आठवायला वेळ लागतो. चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात प्रुफं तपासली. स्वतःच्या लग्नाच्या दाखल्यावरची एक ऱ्हस्व वेलांटी दीर्घ करून घेतल्याशिवाय त्यांनी सही केली नाही, आणि तोवर वहिनी अर्धा तास अविवाहित उभ्या होत्या. मी साक्षीदार होतो, खोटं कशाला सांगू?

वहिनीही त्याच छापखान्यातल्या. त्या मूळ कागद मोठ्यानं वाचायच्या, हे प्रुफावर बोट फिरवायचे. कानावर पडेल ते खरं आणि प्रुफातलं खोटं, हा धंद्याचा नियम. एकदा मात्र ‘दिग्गज गायक’च्या जागी ‘दिवंगत गायक’ छापलं गेलं, आणि गायक स्वतः जिना चढून तक्रार करायला आले. चूक वाचणारीची की तपासणाऱ्याची, हा खटला तेव्हापासून घरात चालू आहे.

यंदा छापखान्याच्या स्मरणिकेनं वेलांटीरावांकडे याच प्रसंगावर लेख मागितला, शुक्रवार संध्याकाळपर्यंत. निकाल छापून आणायची संधी चालून आली होती. पण डोळे अधू. म्हणून कॉम्प्युटरवाल्या भाचीनं पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करून दिली.

“मामा, ही कमांड तुमच्या फाइलीवर नजर ठेवून बसेल. काही बदलून सेव्ह केलंत की शेवटचा परिच्छेद आपोआप वाचून दाखवेल.”

“आणि मी काय करायचं?”

“काही नाही. खिडकी तेवढी बंद करू नका.”

घरात स्पीकर एकच, तो स्वयंपाकघरात फ्रिजवर. आवाज बाईचा.

शुक्रवारी सकाळी वेलांटीरावांनी लेख संपवून सेव्ह केला. फ्रिजवरची बाई खणखणीत बोलली, “चूक वाचणारीची होती.”

आत झाकण आपटलं.

त्यांनी बदललं. “वाचणारीचा उच्चार किंचित अस्पष्ट होता,” फ्रिजनं जाहीर केलं. आत नळ बंद झाला. त्या घरात नळ बंद होणं झाकणापेक्षा वाईट.

“वाचणारीला त्या दिवशी सर्दी होती.”

“सर्दी तुम्हाला होती,” आतून वहिनी म्हणाल्या. “कानांत दडे बसले होते तुमच्या.”

दुपारपर्यंत ते वाक्य एकेचाळीस वेळा बदललं. भिंत पातळ आहे, मला मोजावंच लागलं.

मग वेलांटीरावांनी अक्कल लढवली. दुसऱ्या नावाची फाइल काढून लेख तिच्यात उतरवला आणि पहिलंच वाक्य परत घातलं. खिडकीची नजर जुन्या फाइलीवर, त्यामुळे फ्रिज गप्प.

दोन मिनिटांत वहिनी दारात. “काय हो, एकदम शांतता? बाई बडबडत होती तोवर मला घोर नव्हता.”

“झाला लेख. पाठवतो आता.”

“न तपासता? छापा एक प्रत. मी वाचते, तुम्ही बघा.”

इतक्या गोडीनं बोलल्यावर नाही कोण म्हणेल? त्यांनी पडद्यावरची अक्षरं लिंबाएवढी केली. वहिनी कागद घेऊन जुन्या सुरात वाचू लागल्या, स्वल्पविरामासकट. शेवटी आलं, “चूक तपासणाऱ्याची होती, पूर्णविराम.”

कागदावर ‘वाचणारीची’ होतं. पडद्यावरही. पण कानावर वेगळं पडलं आणि बोटांनी आपलं काम केलं. पुसलं, दुरुस्त केलं. डोक्याला कुणी विचारलंच नाही.

“आता जुन्या फाइलीत घाला,” वहिनी म्हणाल्या. “त्या बाईलाही वाचू दे.”

त्यांनी घातलं. सेव्ह केलं.

“चूक तपासणाऱ्याची होती,” फ्रिज म्हणाला.

वेलांटीरावांनी कागद पाहिला, पडदा पाहिला, मग स्वतःची बोटं. आणि म्हणाले, “अगं, तू वाचतेस तसंच मी करतो. मग त्या दिवशीही तेच केलं असणार. म्हणजे ‘दिवंगत’ तूच वाचलंस.”

“वाचलं असेल,” वहिनी म्हणाल्या. “लिहा की मग तसं. संध्याकाळपर्यंत वेळ आहे.”

आणि आत जाऊन त्यांनी स्पीकरचा आवाज वाढवला.

स्मरणिका माझ्याकडे आहे. चूक तपासणाऱ्याची होती, असंच छापलंय. वेलांट्या सगळ्या बरोबर आहेत.