सीटा भरल्याबिगर

आश्रुबाची जीप युसूफ वडगावच्या फाट्यावर उभी होती. सीटा भरल्याबिगर चाक हलवायचं नाही, हा त्याचा वीस वर्षांचा नेम. आत एकट्या छबुबाई बसल्या होत्या, शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून, अर्ध्या तासापासून कुरकुरत.

तेवढ्यात करिष्माचा व्हिडिओ कॉल आला. आश्रुबाची ही लेक जपानात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. ती कामावर निघाली होती. स्क्रीनवर एकाच डब्याची इवलीशी रेल्वे, आणि त्या डब्यात करिष्मा एकटीच.

"पोरी, बाकीची माणसं कुठं हायत?"

"कुनीच न्हाई, बाबा. गाडी हितल्या घड्याळात एक सत्तावन्नला सुटती."

"एका माणसासाठी? अगं, ड्रायव्हरला म्हणावं, खाली उतर, दोन हाका तरी मार!"

तो बोलतोय तोवर गाडी सुटलीसुद्धा. आश्रुबाच्या घड्याळात तेव्हा दहा सत्तावीस झाले होते. आश्रुबा आ वासून बघत राहिला.

"बघ की!" मागून छबुबाई कडाडल्या. "माझ्या एकटीसाठी तुझं इंजन तापत न्हाई व्हय?"

हे आश्रुबाच्या लई वर्मी लागलं. त्यानं फोन ठेवला, रागारागानं किल्ली फिरवली आणि एकट्या छबुबाईंना घेऊन जीप अंबाजोगाईच्या रस्त्याला लावली.

शंभर पावलंही गेली नसतील, तोच छबुबाई पिशवी कवटाळून ओरडल्या, "अरं थांब! माझी जाऊ यायचीय, बांगड्या भरायला गेलीय!"

"जमायचं न्हाई, मावशी," आश्रुबा आरशात बघून म्हणाला. "ही दहा सत्तावीसची गाडी हाय."